वर गेलेला माणूस

मुंबईहून कर्जतला जाताना नेरळ मागे पडले, की भिवपुरी रोड हे छोटेसे स्टेशन लागते. मूळ भिवपुरी मात्र आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी. घाटावरच्या ठोकरवाडी तलावाचे पाणी नळांतून खाली येऊन तिथे टाटांच्या वीजगृहातील चक्रे फिरवते. हे वीजगृह १९२२ साली सुरू झाले. वीज कशी तयार होते, हे आपली मुले शाळेत शिकतात. पण ती वाहून नेणाऱ्या तारा कोणी तरी उंचावर जाऊन सांभाळतो, हे त्यांना कोण सांगणार?

पूर्वी हे काम शिडीवरून होई. आता मोटारीवर बसवलेला लांब यांत्रिक हात आणि त्याच्या टोकाला एकदोघांना उभे राहता येईल अशी बादली आली आहे. रेल्वेच्या तारांसाठी रुळांवरून चालणारी टॉवर वॅगन असते. सोय झाली खरी. पण धोका गेला नाही, त्याने रूप तेवढे बदलले.

मोटारीचे टेकू पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीत रुतले, की सारा डोलारा कलंडतो. खाली बसलेला लहानसा गचका वर कितीतरी मोठा होतो आणि बादलीतला माणूस गोफणीतल्या दगडासारखा बाहेर फेकला जातो. म्हणून अंगावरचा पट्टा यंत्रावरच्या ठरलेल्या कडीलाच अडकवायचा. शेजारच्या खांबाला नव्हे. बादली हलली, तर तोच पट्टा त्याला बाहेर ओढील!

विजेची गोष्ट आणखी निराळी. कर्जतच्या गाड्या ज्या तारेवर धावतात, तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. तिला स्पर्शच व्हावा लागतो असे नाही; फार जवळ जाणेही पुरते. म्हणून २ मीटरांचे अंतर राखायचे. तारेवरच काम असेल, तर प्रवाह बंद केल्याचा लेखी परवाना हाती हवा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडलेली हवी. कारण शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही वीज उतरते.

आणि वाचकहो, ती आपल्या घरातूनही जाऊ शकते. लाईट गेल्यावर एखाद्याने चेंजओव्हर स्विच न बसवताच जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी वाहते. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तिचे ११,००० व्होल्ट करतो आणि पलीकडे कोणी तरी ‘बंद’ तार हातात धरून उभा असतो.

वरच्याचा जीव खालच्याच्या हाती असतो, तो असा. बादली खालून उतरवण्याची कळ यंत्राला असते. पण ती चालवता येणारा सोबती तिथे हवा. यंत्र चालू तारेला टेकले असेल, तर आधी वीज तोडायची, मगच मोटारीला हात लावायचा, हेही त्याला ठाऊक हवे.

ऐन दिवाळीत लाईट गेली, की दहा मिनिटांत आपले फोन सुरू होतात. ती घाई कचेरीतून खांबापर्यंत पोहोचते आणि मग एखादा परवाना, एखादा पट्टा, एखादा सोबती वगळला जातो. अशा वेळी तक्रार जरूर नोंदवावी; पण एकदाच. मग पणती लावून स्वस्थ बसावे. वर गेलेल्या माणसालाही घरी दिवाळी असते.