ब्लॉग लिहिला, पण गूगलवर दिसत नाही : सामान्य लेखकाने काय करावे?

चतुर्थी जवळ आली की गोव्याच्या बाजारांत माटोळीच्या सामानाची लगबग सुरू होते. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळे आणि रानातून आणलेली कितीतरी फळे-पाने विक्रीला येतात. त्याच दिवसांत मुंबई-पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झालेली गोमंतकीय तरुण मंडळी मोबाईलवर वेगळाच शोध घेत असतात. माटोळी कशी बांधतात, तिला काय काय लागते, यांतील कोणते फळ कशासाठी असते, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. सत्तरीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने याच विषयावर आपल्या ब्लॉगवर मन लावून लेख लिहिलेला असू शकतो. पन्नास वर्षे ज्याने स्वतःच्या हाताने माटोळी बांधली, त्याच्या अनुभवाचे सार त्या लेखात असते. तरीही शोधणाऱ्यासमोर तो लेख येत नाही. त्याऐवजी कोणीतरी दुरून, वरवर लिहिलेल्या चार ओळी येतात.

ही तक्रार मराठीत लिहिणाऱ्या अनेकांची आहे. तिचे कारण पुष्कळदा लेखनाच्या दर्जात नसून काही साध्या तांत्रिक गोष्टींत असते. त्या गोष्टी समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही आणि कोणाला पैसे मोजावे लागतातच असेही नाही.

शोधयंत्र नेमके काय करते?

गूगलचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात ‘क्रॉलर’ नावाची स्वयंचलित प्रणाली एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात नवी पाने हुडकते. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांतील मजकूर वाचून त्याची नोंद एका प्रचंड सूचीत केली जाते. तिसऱ्या टप्प्यात, वाचकाने प्रश्न टंकल्यावर, त्या सूचीतील पाने क्रमाने मांडली जातात. पहिले दोन टप्पे पार न केलेल्या पानाला तिसऱ्यात स्थानच नसते. म्हणून ‘माझा ब्लॉग वर कसा येईल’ या प्रश्नाआधी ‘माझा ब्लॉग सूचीत आहे का’ हा प्रश्न विचारायला हवा.

त्याचे उत्तर मिनिटभरात मिळते. गूगलच्या शोधचौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम आणि त्यापुढे मोकळी जागा न सोडता ब्लॉगचा पत्ता टंकावा. सूचीत असलेली त्या ब्लॉगची पाने समोर येतात. काहीच आले नाही, तर आधी ब्लॉगच्या सेटिंग्जकडे पाहावे. वर्डप्रेसमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. ब्लॉग तयार करताना ती खूण केली गेली आणि नंतर काढायची राहिली, असे अनेकदा घडते. ब्लॉगर या सेवेतही असाच पर्याय आहे. एवढी एक खूण बदलली नाही, तर पुढचे सारे प्रयत्न वाया जातात.

त्यानंतर ‘गूगल सर्च कन्सोल’ या मोफत सेवेत ब्लॉगची नोंद करावी. ब्लॉगचा ‘साइटमॅप’, म्हणजे सर्व पानांची यादी, तेथे सादर करता येते. ब्लॉगर ही यादी आपोआप तयार करतो. वर्डप्रेसमध्येही 2020 मध्ये आलेल्या 5.5 या आवृत्तीपासून ती सोय अंतर्भूत आहे.

लिपीचा अडसर

मराठी लेखकांची एक अडचण इंग्रजी लेखकांच्या वाट्याला येत नाही. छापखान्याच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे पडद्यावर देवनागरी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. असा मजकूर तसाच ब्लॉगवर चिकटवला, तर शोधयंत्राला तो निरर्थक वाटतो. स्मरणिका, दिवाळी अंक किंवा जुन्या पुस्तिकेसाठी केलेले लेखन ब्लॉगवर आणताना ते आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करणे आवश्यक असते. त्यासाठीची परिवर्तक साधने इंटरनेटवर मोफत मिळतात. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेत.

हीच गत चित्ररूप मजकुराची होते. लेखाचे छायाचित्र काढून किंवा सजवलेल्या फलकावर मजकूर छापून तो टाकला, तर माणसाला वाचता येतो, शोधयंत्राला मात्र भरवशाने वाचता येत नाही. छायाचित्र अवश्य द्यावे, पण मजकूर अक्षरांतच असावा. छायाचित्राला ‘पर्यायी मजकूर’ देण्याची सोय असते. तेथे ‘फोटो 1’ असे न लिहिता ‘गणपतीच्या वर बांधलेली माटोळी’ असे स्पष्ट वर्णन द्यावे.

पानाच्या पत्त्याबाबतही थोडा विचार करावा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तो दुसरीकडे चिकटवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरे होतात. ‘माटोळी’ या एका शब्दाची त्यामुळे चौपन्न अक्षरांची साखळी बनते. व्हॉट्सअ‍ॅपवर असा लांबलचक दुवा पाहून वाचक बिचकतो. म्हणून पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवणे सोयीचे ठरते. मात्र लेख प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलू नये, कारण जुना दुवा मोडला की मिळालेले स्थानही धोक्यात येते.

वाचकाच्या तोंडचा शब्द

मराठी ललित लेखाला काव्यमय मथळा देण्याची परंपरा आहे. ‘हिरव्या छताखालची आरास’ हा मथळा अंकात शोभून दिसतो, पण माटोळीची माहिती हवी असलेला वाचक ते शब्द शोधत नाही. तो ‘माटोळी कशी बांधतात’ किंवा ‘माटोळीचे साहित्य’ असे टंकतो. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात विषयाचे सरळ नाव यायला हवे. काव्यमय ओळ उपशीर्षकात ठेवता येते.

गोव्यात नावांची रूपेही अनेक आहेत. फोंडा आणि पोंडा, म्हापसा आणि मापुसा, डिचोली आणि बिचोली अशी रूपे लोकांच्या वापरात दिसतात. कितीतरी जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकून शोधतात. म्हणून प्रचलित पर्यायी रूप आणि रोमन लेखन मजकुरात एकदा सहज येईल असे योजावे. मात्र एकच शब्द वीस-पंचवीस वेळा घुसडण्याचा मोह टाळावा. गूगल अशा भरतीला फसवणूक मानते. पानाच्या पडद्याआड शोधशब्दांची यादी भरण्याची जुनी युक्तीही निरुपयोगी आहे. क्रम लावताना ती यादी विचारात घेतली जात नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केले होते.

अनुभव हीच पुंजी

लेख किती शब्दांचा असावा, याचा ठरावीक नियम नाही. वाचकाचा प्रश्न पूर्ण सुटतो का, हाच खरा निकष. 2011 मधील ‘पांडा’ या बदलापासून गूगलने उथळ आणि उसन्या मजकुराला मागे सारण्याचे धोरण ठेवले आहे. डिसेंबर 2022 मध्ये गुणवत्ता तपासण्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘प्रत्यक्ष अनुभव’ या निकषाची स्वतंत्र भर पडली. सामान्य लेखकाचे बळ येथेच आहे. रानातले कवंडळ कधी पिकते, ते माटोळीला कसे बांधतात, गावातल्या जत्रेत कोणत्या वाड्याला कोणता मान असतो, हे दूरच्या शहरात बसून लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. ही माहिती स्वतःच्या छायाचित्रांसह आणि लेखकाच्या थोडक्यात परिचयासह मांडली, तर ती उठून दिसते.

आता या गोष्टीला आणखी एक कारण जोडले गेले आहे. ऑगस्ट 2024 पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांशरूप उत्तर सर्वांत वर दाखवू लागले आहे. सर्वत्र उपलब्ध असलेली माहिती वाचकाला तेथेच मिळते, मग तो खाली उतरून ब्लॉग उघडेलच असे नाही. इतरत्र नसलेली माहिती देणारा लेख मात्र उघडण्याचे कारण वाचकापाशी उरते.

दुव्यांची पत

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल स्थापन केले, तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी एक साधी कल्पना होती. ज्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर अभ्यासक करतात तो महत्त्वाचा मानला जातो, तसेच ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे. आज क्रम ठरवताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, तरी दुव्यांचे मोल टिकून आहे.

याची सुरुवात घरातूनच करता येते. माटोळीवरील लेखातून चतुर्थीच्या पाककृतींवरील लेखाकडे आणि तेथून परत असा दुवा द्यावा. एकमेकांशी जोडलेले वीस लेख सुट्या वीस लेखांपेक्षा वाचकालाही सोयीचे आणि क्रॉलरलाही. बाहेरचा दुवा ग्रंथालय, शाळा, सांस्कृतिक संस्था किंवा त्याच विषयावर लिहिणारा दुसरा लेखक यांच्याकडून स्वाभाविकपणे मिळाला, तर उत्तम. विकिपीडियावर आपला दुवा चिकटवून मात्र क्रम वाढत नाही, कारण तेथील बाह्य दुव्यांवर शोधयंत्रासाठी ‘पत देऊ नये’ अशी सूचना लावलेली असते. पैसे देऊन दुवे विकत घेणे तर घातकच. 2012 मधील ‘पेंग्विन’ हा बदल अशाच कृत्रिम दुव्यांविरुद्ध होता.

मोबाईलवरचा वाचक

गूगल आज पानाची मोबाईलवरील आवृत्ती पाहून त्याची नोंद करते. त्यामुळे आपला ब्लॉग लेखकाने स्वतः मोबाईलवर उघडून पाहावा. अक्षर बारीक आहे का, जाहिराती मजकूर झाकतात का, मजकूर उघडायला वेळ लागतो का? पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा मापदंड आहे. ब्लॉग संथ असण्यामागे बहुधा थेट मोबाईलमधून चढवलेली काही एमबींची छायाचित्रे असतात. ती आधी लहान करून मग टाकली, की निम्मे काम होते.

‘पहिला क्रमांक हमखास’

थोडी ख्याती मिळालेल्या ब्लॉगरला ‘महिन्याभरात पहिला क्रमांक मिळवून देतो’ असे सांगणारे ईमेल येऊ लागतात. असा शब्द कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः स्पष्ट केले आहे. गूगलला जाहिरातीसाठी पैसे दिले, तरी नैसर्गिक निकालांतला क्रम बदलत नाही. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्षभर लागते, असे त्यांचेच मार्गदर्शन सांगते. निवृत्तिवेतनातून अशा दलालांना पैसे देण्याआधी प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.

त्या काळात खरी सोबत सर्च कन्सोल करतो. कोणत्या शब्दांवर आपले पान किती वेळा दिसले, किती जणांनी ते उघडले आणि त्याचे सरासरी स्थान काय, हे तो सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन दाखवतो. एखादे पान पुष्कळांना दिसते पण फारसे कोणी उघडत नाही, तर शीर्षक बदलून पाहावे. दुसऱ्या पानावर अडकलेल्या लेखात वाचक विचारतात त्या प्रश्नाचे उत्तर आहे का ते तपासावे आणि नसल्यास भर घालावी. नुसती तारीख बदलून जुना लेख नवा होत नाही.

सारे एकदम करण्याची गरज नाही. आपल्या सर्वांत चांगल्या एका लेखापासून आरंभ करावा. तो सूचीत आहे का ते पाहावे, मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मथळा सरळ करावा, छायाचित्रे हलकी करावीत आणि दोन संबंधित लेखांचे दुवे जोडावेत. एका संध्याकाळचे हे काम आहे. चतुर्थीच्या निदान चार-सहा महिने आधी ते उरकले, तर दूर देशी पहिल्यांदाच माटोळी बांधायला निघालेल्या एखाद्या घराला सत्तरीतल्या त्या शिक्षकाचा लेख वेळेवर सापडू शकेल.