माशाचे आजारपण आणि त्याची वेगळी टाकी

काचेच्या टाकीतला एखादा मासा सकाळी खाणे टाकताच वर न येता, पर अंगाशी मिटून, कोपऱ्यात तळाशी बसून राहिला आणि त्याचे कल्ले नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने हलू लागले, की घरातील माणसे साहजिकच घाबरी होतात. आणि जवळच्या दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून तिच्यातले काही थेंब, नाही तर घाईत अर्धे झाकण, सरळ त्याच टाकीत ओतून मोकळी होतात. हेतू शुद्ध असतो यात शंका नाही. परंतु या उपायाने एका रोग्याकरिता दहा निरोग्यांना औषध पाजले जाते, पाणवनस्पती कोमेजतात, आणि ज्या सूक्ष्म जंतूंच्या भरवशावर टाकीतले पाणी राहण्याजोगे असते त्यांचाच पुष्कळदा प्रथम संहार होतो. रोगी माशाला वेगळ्या, लहान आणि मोकळ्या टाकीत दाखल करून तेथे त्याची शुश्रूषा करणे हा याहून शहाणपणाचा मार्ग होय. छंदी मंडळी या टाकीला हॉस्पिटल टँक म्हणतात. आपण येथे तिला रुग्णटाकी म्हणू.

मात्र माशाला हलविण्यापूर्वी पाण्याची चौकशी झाली पाहिजे, कारण टाकीतील माशांची कितीतरी दुखणी ही मुळात पाण्याची दुखणी असतात. मासा आपल्या शरीरातील त्याज्य नत्र बहुतांशी कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. हा अमोनिया विषारी असून, फिल्टरमध्ये आणि खडीवर वस्ती करून राहिलेले जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि यांपैकी नायट्राइट हेही घातकच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. जंतूंची ही वस्ती नव्या टाकीत बसण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर हौसेने भरलेल्या माशांवर जो प्रसंग गुदरतो त्याला रोग म्हणणे चूक आहे. एकच मासा मलूल असेल तर गोष्ट वेगळी. परंतु सगळेच मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर दोष पाण्यात आहे असे समजावे, दुकानात मिळणाऱ्या तपासणी संचाने अमोनिया व नायट्राइट यांची खातरजमा करून घ्यावी, आणि कोणतेही औषध न घालता, क्लोरीन घालवलेले व तितक्याच उष्णतेचे ताजे पाणी घालून निम्मे पाणी बदलावे. अशा वेळी रुग्णटाकीची गरजच पडत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत, पाण्याची उष्णता एकाएकी उतरली की हटकून डोके वर काढणारा जो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे उचित होईल, कारण रोगाचा स्वभाव न ओळखता केलेला इलाज कसा वाया जातो हे त्यात स्पष्ट दिसते. माशाच्या परांवर आणि अंगावर एक मिलिमीटरपर्यंत व्यासाचे पांढरे ठिपके उमटतात, मासा खडीवर अंग घासू लागतो, आणि ठिपके कल्ल्यांत शिरले की त्याला श्वास पुरेनासा होतो. प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीच्या खाली शिरून पोसला जाणारा एक परोपजीवी एकपेशीय प्राणी असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो सावकाश गरगरताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालाच्या आकाराचे केंद्रक स्पष्ट ओळखू येते. पूर्ण वाढ झाली की हा जीव कातडी फोडून बाहेर पडतो, तळाशी जाऊन स्वतःभोवती कोष करतो, त्या कोषात विभागत विभागत शेकडो पिले होतात, आणि कोष फुटून पोहत सुटलेल्या या पिलांना सुमारे दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरून जातात. कातडीखाली आणि कोषात असताना त्याला औषध बाधत नाही. पोहत्या अवस्थेत तेवढे बाधते. ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला असे मानून इलाज थांबविणाऱ्याच्या टाकीत आठवड्याभराने दुपटीने ठिपके का दिसतात, याचे उत्तर यात आहे. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्यात पुरे होते, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणूनच इलाज करताना पाणी हळूहळू, दिवसाला दोन अंशांहून अधिक न चढवता, अठ्ठावीस ते तीस अंशांपर्यंत नेण्याचा शिरस्ता पडला आहे.

आता येथे विवेकाचा प्रश्न उभा राहतो. ज्या माशावर ठिपके दिसले तेवढाच उचलून रुग्णटाकीत ठेवला, तर मोठ्या टाकीच्या तळाशी पडलेले कोष जागच्या जागी राहतात आणि उरलेल्या माशांची पाळी दोन-चार दिवसांत येते; तेव्हा या रोगात एक तर सर्व मासे हलवून मोठी टाकी दोन आठवडे निर्मनुष्य नव्हे, तर निर्मत्स्य ठेवावी, म्हणजे पिले उपाशी मरतील, नाही तर मोठ्या टाकीतच सर्वांवर इलाज करावा. याउलट परांना लागलेली सड, जाळीत अडकून झालेली जखम, बद्धकोष्ठाने फुगलेला गोल्डफिश, किंवा सोबत्यांनी चावे घेऊन हैराण केलेला एंजल, अशा प्रसंगी एकट्या रोग्याला वेगळे ठेवणे हाच योग्य मार्ग. त्याला निवांतपणाही मिळतो आणि तो खातो किती, मळ टाकतो कसा, यावर नजर ठेवता येते.

रुग्णटाकीची मांडणी साधी असावी, किंबहुना ती जितकी साधी तितकी उपयुक्त. वीस ते चाळीस लिटरांची काचेची टाकी, तळाशी ना वाळू ना खडी, कारण खडी औषध शोषते आणि घाण लपवते. उष्णतामापक, आपोआप बंद होणारा हीटर, वर झाकण, लपण्यासाठी मातीचे लहान मडके किंवा पीव्हीसी नळाचा तुकडा, आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर, एवढे सामान पुरे होते. कोळशाचा फिल्टर मात्र असता कामा नये, कारण कोळसा औषधच गाळून घेतो. यांत महत्त्वाची वस्तू स्पंज हीच आहे. कोरा स्पंज लावला तर त्यात जंतूंची वस्ती नसते आणि रोग्याला दोन दिवसांत अमोनियाची बाधा होते. म्हणून घरात उद्याच्या दह्यासाठी विरजण राखून ठेवावे तसा एक जादा स्पंज मोठ्या टाकीत बारमाही चालू ठेवावा, आणि प्रसंग पडताच तो उचलून रुग्णटाकीत लावावा. पहिले पाणीही शक्य तर मोठ्या टाकीतलेच घ्यावे, म्हणजे माशाला नव्या पाण्याचा धक्का बसत नाही. मोठ्या टाकीचे पाणीच बिघडलेले असेल तर मात्र ताजे घ्यावे.

औषधांत सर्वांत जुने आणि सर्वांत निरुपद्रवी औषध म्हणजे मीठ, आणि ते का लागू पडते हे समजून घेण्याजोगे आहे. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असते. त्यामुळे पाणी अहोरात्र त्याच्या कल्ल्यांतून आणि कातडीतून आत झिरपत असते, आणि मूत्रपिंडांना ते तितक्याच नेटाने बाहेर टाकावे लागते. कातडीला जखम झाली किंवा कल्ले सुजले की हे झिरपणे वाढते, आणि आधीच अशक्त झालेल्या जिवाची सारी शक्ती पाणी उपसण्यातच खर्ची पडते. पाण्यात थोडे मीठ असले तर हा भार हलका होतो. शिवाय मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ आयोडीन वा अन्य भुकटी न मिसळलेले खडेमीठ असावे आणि ते चमच्याने न मोजता वजन करून घ्यावे. समजा, टाकी ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद, आणि पाण्याची उंची २० सेंटिमीटर आहे. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार २०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे २० लिटर पाणी. लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने ४० ग्रॅम मीठ लागेल. ते वेगळ्या भांड्यातील पाण्यात विरघळवून, तीन हप्त्यांत, बारा-बारा तासांच्या अंतराने घालावे. लोच व मांगूर जातीच्या, खवले नसलेल्या माशांना मात्रा निम्मी ठेवून सुरुवात करावी. पुढे निम्मे पाणी बदलले तर नव्या दहा लिटरांपुरते वीसच ग्रॅम मीठ घालावयाचे. आणि बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढताना मुळीच घालावयाचे नाही, कारण वाफेबरोबर मीठ उडून जात नाही. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने कित्येकांच्या टाकीत मीठ नकळत चढत जाते.

निळ्या औषधाची, म्हणजे मेथिलीन ब्लूची, हकीकतही मोठी उद्बोधक आहे. जर्मनीत हाइनरिश कारो याने हा रंग १८७६ साली कापडाकरिता तयार केला, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या परोपजीवी प्राण्याचे शास्त्रीय वर्णन फ्रान्समध्ये फूके याने केले तेही १८७६ सालीच. पुढे १८९१ साली पॉल एर्लिख याने हाच रंग हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला. माशांच्या अंड्यांवरील बुरशी आणि कातडीवरचे वरवरचे विकार यांवर तो आजही वापरतात. परंतु तो फिल्टरमधील उपकारक जंतूंनाही मारतो, तेव्हा तो घातला की रोजच्या रोज पाणी बदलणे अपरिहार्य होते. मॅलाकाइट ग्रीन याहून तीव्र, आणि हाताळणाऱ्याने हातमोजे घालावेत इतके जपून वापरण्याचे औषध आहे. प्रत्येक वेळी बाटलीवरील मात्रा पाळावी आणि दोन औषधे एकत्र करू नयेत. माणसांची प्रतिजैविके कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची पद्धत तर सर्वथा त्याज्य आहे. मात्रा चुकते, जंतू निर्ढावतात, आणि ते पाणी शेवटी गटारात जाते.

उष्णतेबद्दल एक इशारा देणे अवश्य आहे. पाठीवर किंवा तोंडाभोवती कापसासारखे पांढुरके पटल दिसले की लोक ते बुरशीचे समजतात. पण पुष्कळदा तो कॉलम्नॅरिस नावाचा जंतुजन्य रोग असतो, आणि ऊब मिळाली की तो अधिकच झपाट्याने पसरतो. शिवाय वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना तो सुमारे ७.५ वर उतरतो. म्हणून पाणी गरम करताना हवेचा पंप अखंड चालू ठेवावाच लागतो. रोग्याला खाणे थोडे द्यावे, उरलेले पाच मिनिटांत नळीने काढून घ्यावे, आणि ती नळी तोंडाने ओढू नये. जाळी आणि बादली रुग्णटाकीची वेगळी असावी. माशांमधील क्षयाच्या जातीचा एक जंतू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून चिवट गाठी उत्पन्न करतो, तेव्हा हाताला ओरखडा असताना पाण्यात हात घालणे टाळावे.

शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान आठवडाभर माशाची रवानगी मोठ्या टाकीत करू नये. इतके करूनही काही मासे दगावतात. खवले अंगावर उभे राहून पोट फुगलेला मासा क्वचितच वाचतो, आणि त्याचे हाल लांबवू नयेत हेच बरे. मेलेला किंवा नकोसा मासा नदीत, तळ्यात वा विहिरीत सोडणे हा मात्र अपराध समजावा; टाकीत शोभेला ठेवण्याचा सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरून तेथील मच्छीमारांची जाळी आणि त्यांची मिळकत या दोहोंचे नुकसान करीत आहे.

रुग्णटाकीचा उत्तम उपयोग रोग होण्यापूर्वीच आहे. आपल्याकडील शोभेचे मासे पुष्कळदा चेन्नईतील कोळत्तूरहून किंवा कोलकात्याच्या बाजूकडून, अनेक हातांतून आणि अनेक टाक्यांतून प्रवास करीत आलेले असतात, आणि पिशवीत निरोगी दिसणारा मासा सोबत काय घेऊन आला आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसते. म्हणून ज्यांच्या घरी आज एकही मासा आजारी नाही त्यांनीच एक जादा स्पंज आजच मोठ्या टाकीत सोडावा, एक लहान टाकी धुऊन कोरडी करून ठेवावी, आणि यापुढे घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या माशाचा पहिला मुक्काम, निदान तीन ते चार आठवड्यांच्या मुदतीपुरता, तिच्यातच ठेवावा.