विश्लेषण : सावर आधी, पळस नंतर... पालघर-बोईसरच्या हिवाळी भटकंतीत काय, कुठे आणि कधी पाहाल?

पालघर जिल्हा म्हटले की केळवे-माहीमचे किनारे, तारापूरची अणुभट्टी आणि बोईसरची औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते. मात्र डिसेंबर ते मार्च या काळात याच पट्ट्यात दोन घडामोडी एकाच वेळी सुरू असतात. हजारो किलोमीटरवरून आलेले पक्षी खाडी-किनाऱ्यांवर मुक्कामाला असतात आणि पानगळीच्या जंगलात वर्षातली पहिली रानफुले उमलू लागतात. ही संधी जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांची. त्यात नेमके काय पाहायचे, कुठे जायचे आणि या नोंदींना आज महत्त्व का आले आहे, याचा आढावा.

पालघरचा पट्टा वेगळा कशामुळे?

अंतर हे पहिले कारण. पश्चिम रेल्वेच्या पालघर किंवा बोईसर स्थानकातून पश्चिमेला गेले की काही किलोमीटरवर समुद्र आणि पूर्वेला गेले की तितक्याच अंतरावर डोंगर. मध्ये खाड्या, खारफुटी, मिठागरे, भात कापून झालेली शेते आणि वाड्या. एकाच दिवसात किनाऱ्यावरचे, पाणथळीतले, माळावरचे आणि जंगलातले असे चारही प्रकारचे पक्षी दिसण्याची शक्यता त्यामुळे असते. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्याने मुंबई-विरारकडून सकाळी निघून दुपारपर्यंत परतणेही सोपे झाले आहे.

दुसरे कारण हवेचे. समुद्र जवळ असल्याने येथे नाशिक-पुण्यासारखी कडाक्याची थंडी पडत नाही. पहाटे गारवा आणि दहानंतर ऊन, असा साधारण दिनक्रम असतो. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेव्हापासून पुढचे अडीच-तीन तास भटकंतीसाठी सर्वांत चांगले.

पाने नसताना फुले का येतात?

पानगळीच्या जंगलाचा हिशेब पाण्याचा असतो. पाऊस थांबून तीन-चार महिने झाले की जमिनीतील ओल कमी होते. पानांतून पाण्याची वाफ होत राहते, म्हणून झाडे पानेच गाळून टाकतात. याच काळात अनेक झाडे फुलतात. पानांचा आडोसा नसल्याने लालभडक, केशरी फुले लांबूनही दिसतात. त्यांतील मध पिण्यासाठी पक्षी येतात आणि परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. परागीभवन होऊन शेंगा-बोंडे वाळेपर्यंत उन्हाळा निम्मा सरतो. बिया जमिनीवर पडतात आणि थोड्याच दिवसांत पाऊस येतो. म्हणजे ऐन कोरड्या दिवसांतला हा बहर पुढच्या पावसाची तयारी असते.

कोणती फुले, कोणत्या क्रमाने?

डिसेंबरात पावसाळ्यामागून फुललेल्यांपैकी शेवटची फुले दिसतात. उंच दांड्यावर काटेरी गोंडे आणि त्यांतून डोकावणारी नारिंगी फुले म्हणजे दीपमाळ. डोंगरपायथ्याला कोरांटीच्या काही जाती याच सुमारास फुलात असतात.

जानेवारीत खरी सुरुवात होते ती सावरीपासून. खोडावरचे जाड, शंकूसारखे काटे आणि पाच मांसल पाकळ्यांचे, हाताच्या ओंजळीएवढे लाल फूल ही तिची खूण. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असेल तर वर नक्की पाहावे. त्याच सुमारास डोंगरउतारावर धायटीच्या झुडपांवर बारीक, नळीसारखी लाल फुले येतात. आयुर्वेदातील आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात ती हीच. झाडांवर चढणाऱ्या उक्षीच्या वेलीवर फिकट हिरवट फुलांचे घोस लागतात.

फेब्रुवारी-मार्च हा पळस आणि पांगाऱ्याचा. या दोघांत अनेकांची गल्लत होते. पळसाचे फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखे वाकडे आणि त्याचा देठाकडचा भाग मखमली काळपट. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक असते, पण फुलांच्या वेळी बहुधा तीही झाडावर नसतात. पांगाऱ्याची फुले गडद लाल, फांदीच्या टोकाला तुऱ्यासारखी आणि फांद्यांवर काटे. किनाऱ्यावर मात्र वेगळेच फूल भेटते. वाळूवर पसरलेली, जांभळट-गुलाबी घंटेच्या आकाराच्या फुलांची मर्यादावेल. तिची मुळे वाळू धरून ठेवतात, त्यामुळे तिच्यावरून गाडी नेणे म्हणजे किनाऱ्याची धूप वाढवणे.

पाहुणे पक्षी कोणते?

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या ‘मध्य आशियाई उड्डाणमार्गा’वर भारत येतो. हा मार्ग सुमारे ३० देशांतून जातो. उत्तरेकडे बर्फ पडून खाद्य मिळेनासे झाले की पक्षी दक्षिणेकडे सरकतात. पालघरच्या चिखलात दिसणारा छोटा टिलवा चिमणीएवढाच असतो, पण त्याचे घरटे ध्रुवप्रदेशातील टुंड्रात असते. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कोरल, घोळक्याने धावणारे चिखल्या, शेपूट हलवत चालणारा तुतवार आणि होड्यांमागे घिरट्या घालणारे कुरव हे किनाऱ्यावरचे नेहमीचे पाहुणे. लाल पायांचा शेकाट्या आणि राखी-काळा समुद्र बगळा येथे पावसाळ्यानंतरही दिसतात. खारफुटीवरून कमी उंचीवर तरंगत जाणारा मोठा पक्षी दलदली भोवत्या असू शकतो.

शेतात पाहणे आणखी सोपे. बांधावरच्या काटकीच्या टोकावर बसलेला, काळ्या डोक्याचा आणि नारिंगी छातीचा चिमुकला पक्षी म्हणजे गप्पीदास. विजेच्या तारांवर रांगेने बसतात त्या माळभिंगऱ्या. ओल्या शेतात शेपटी वरखाली करणारे धोबी. सतत थरथरणाऱ्या तांबूस शेपटीचा थिरथिरा वाड्यांच्या आसपास, घरांच्या कौलांवरही येतो.

फुले आणि पक्षी यांना जोडणारा पाहुणा म्हणजे भोरडी. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करून ऑगस्टअखेरपासून हे थवे भारतात येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. परतीच्या आधी पळस-सावरीच्या मधावर त्यांची झुंबड उडते, म्हणूनच भोरडीचे दुसरे नाव पळसमैना. त्याच फुलांवर बुलबुल, कोतवाल, शिंजीर हे स्थानिकही येतात. जांभळ्या शिंजिराचा नर पावसाळ्यानंतर मळकट दिसतो. फेब्रुवारीपर्यंत त्याला पुन्हा चकचकीत गडद रंग चढलेला असतो. तांबटाची ‘टुक टुक’ वाढू लागली की थंडी ओसरत आल्याचे समजावे.

कुठे जाल?

किनाऱ्यासाठी केळवे, माहीम, शिरगाव आणि बोईसरकडून चिंचणी. चिंचणी-तारापूर दरम्यानच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. तेथे काठावर थांबूनच पाहावे, चिखलात उतरू नये.

डोंगरासाठी पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंड सोयीची. तेथून काळदुर्गाची वाट जाते. बोईसरजवळ वारंगडेच्या बाजूने आसावा गडावर जाता येते. खिंडीचे नाव उगाच पडलेले नाही. वाघोबा हा वारली समाजाचा देव आणि या जंगलात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे अंधारात किंवा एकट्याने जाऊ नये. वाट वाडीतल्या माणसांना विचारून घ्यावी. झाडाझुडपांची त्यांच्याइतकी माहिती कोणत्याही अ‍ॅपमध्ये मिळत नाही.

किनाऱ्यावर जाण्याची वेळ कशी ठरवायची?

किनाऱ्यावर घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणात वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी, म्हणजे सकाळी सव्वासातला ओहोटी. तृतीयेला ती आठला, चतुर्थीला पावणेनऊला. दोन्ही पक्षांत हाच हिशेब. अष्टमीला मात्र सकाळी सहालाच भरती असते आणि ओहोटी भर दुपारी, त्यामुळे तो दिवस टाळावा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असल्याने ओहोटीही लांबवर जाते. पाणी वळून परत येऊ लागले की पसरलेले पक्षी हळूहळू काठाकडे सरकतात. दुर्बिणीतून पाहण्याची ती सर्वोत्तम वेळ. हा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत.

नोंदी ठेवणे महत्त्वाचे का?

कारण हा पट्टा वेगाने बदलतो आहे. डहाणू तालुक्याला २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण मिळाले. त्याच तालुक्यात, चिंचणीच्या उत्तरेला, सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमार संघटनांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. या प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न तर राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

बंदर, रेल्वे, कारखाने यांचे फायदे-तोटे यावर मतभेद असू शकतात. मात्र एखाद्या खाडीत किती पक्षी येत होते याची आधीची नोंदच नसेल, तर नंतर ते कमी झाले की नाही हे कोणालाच दाखवता येत नाही. अहवालात ‘विशेष आढळ नाही’ असे लिहिले गेले तर ते खोडायलाही आकडे लागतात. फुलांचेही तसेच. सावर दरवर्षी कोणत्या आठवड्यात फुलते हे लिहून ठेवले, तरच ऋतू सरकतोय का याचे उत्तर मिळेल.

सामान्य माणूस यात काय करू शकतो?

‘ईबर्ड’ या मोफत अ‍ॅपवर ठिकाण, वेळ आणि दिसलेले पक्षी नोंदवता येतात. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक गणना होते. भारत २०१३ पासून त्यात सहभागी आहे. एका जागी किमान १५ मिनिटे थांबून यादी करणे एवढीच अट असते. झाडांच्या बहराच्या नोंदींसाठी ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे. त्यात एक झाड निवडून नियमितपणे त्याची पाने, फुले, फळे यांची नोंद करायची असते.

कोणती काळजी घ्याल?

पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत. किनाऱ्यावर बसलेल्या थव्यात धावत जाऊन त्यांना उडवू नये. लांबच्या परतीसाठी साठवलेली चरबी त्यात खर्च होते. गडांवर आग्या मोहोळे असू शकतात, तेथे धूर, उग्र अत्तर आणि गोंगाट टाळावा. वाळलेल्या गवतात विडी-सिगारेटची ठिणगी वणव्याला पुरते. तारापूर अणुऊर्जा केंद्राचा परिसर सुरक्षा क्षेत्र आहे. तेथे कॅमेरा, दुर्बीण किंवा ड्रोन काढू नये.

सोबत पाणी, टोपी, वही आणि जमल्यास दुर्बीण पुरेशी आहे. मार्च सरताना बहुतेक पाहुणे उत्तरेकडे निघालेले असतात आणि पळसाला नवी पाने फुटू लागलेली असतात. त्यामुळे ज्यांना जायचे आहे त्यांनी पुढची द्वितीया कोणत्या दिवशी येते, हे आजच दिनदर्शिकेत पाहून ठेवावे.