ईटीएफ : सोपा कोणता, गुंतागुंतीचा कोणता?

'एक्स्चेंज ट्रेडेड फंड' अर्थात ईटीएफ भारतात २००१ मध्ये सुरू झाला. हा म्युच्युअल फंडाचाच एक प्रकार होय. मात्र त्याची युनिटे समभागांप्रमाणे शेअर बाजारात दिवसभर खरेदी-विक्रीस उपलब्ध असतात. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेनेही २०१५ पासून आपल्या निधीचा काही अंश अशा फंडांत गुंतविण्यास प्रारंभ केला. तथापि, या एकाच नावाखाली अत्यंत भिन्न स्वरूपाचे फंड येतात. म्हणूनच कष्टाची पुंजी गुंतविण्यापूर्वी सामान्य गुंतवणूकदाराने तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

फंडाजवळ काय आहे?

निफ्टी ५० निर्देशांकावर आधारलेला फंड त्या निर्देशांकातील कंपन्यांचे समभाग त्याच प्रमाणात बाळगतो. हे समजण्यास सुलभ आहे. प्रत्यक्ष मालमत्तेऐवजी वायदे असतील, तर मात्र हिशेब बदलतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत खनिज तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा भाव शून्याच्याही खाली गेला होता.

परतावा कसा मोजतात?

अमेरिकेत निर्देशांकाच्या दैनंदिन चढउताराच्या दुप्पट परतावा देऊ पाहणारे फंड आहेत. समजा, १०० वर असलेला निर्देशांक पहिल्या दिवशी ९० वर उतरला व दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० झाला. निर्देशांकाचे नुकसान शून्य. परंतु फंडातील १०० रुपयांचे प्रथम ८० व नंतर सुमारे ९७ रुपये ७८ पैसे होतात. असे फंड एका दिवसाहून अधिक काळ बाळगू इच्छिणाऱ्या सामान्य गुंतवणूकदारांस सहसा योग्य नव्हेत, असा इशारा तेथील 'फिनरा' या नियामक संस्थेने जून २००९ मध्ये दिला.

भाव मूल्याशी जुळतो काय?

युनिटचा बाजारभाव व त्यामागील मालमत्तेचे मूल्य यांत अंतर पडू शकते. व्यवहार तुरळक असल्यास अथवा नवी युनिटे निघणे थांबल्यास हे अंतर वाढते. खरेदीपूर्वी दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

सोपा फंड म्हणजे निर्धोक फंड नव्हे. बाजार कोसळला की निफ्टीचा फंडही कोसळतो. माहितीपत्रकातील सहा पातळ्यांचा जोखीममापक जोखीम दर्शवितो, गुंतागुंत नव्हे. ती पारखण्याचे काम गुंतवणूकदाराचेच. वरील तीन प्रश्नांची उत्तरे घरच्यांना साध्या शब्दांत सांगता येत नसतील, तर तो फंड आपल्यासाठी नाही, असे समजावे.