एक गोष्ट, एकच जागा

हैदराबादच्या नल्लकुंट्यात साथीच्या रोगांसाठीचं सरकारी फीवर हॉस्पिटल आहे. डेंग्यू, घटसर्प, कुत्र्याचा चावा अशा कारणांनी तिथे लांबलांबून लोक येतात. अशा दवाखान्याच्या नोंदी संगणकावर कशा ठेवाव्यात, याचा विचार केला की रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती ठेवण्याच्या पद्धतीची, परिभाषा आपोआप उलगडते. पुढच्या नोंदी मात्र उदाहरणादाखल रचलेल्या आहेत.

समजा, सगळं एकाच वहीत लिहिलं. एक बाई पावसाळ्यात तीनदा आली, तर तिचा पत्ता तीनदा लिहावा लागेल: कधी ‘नल्लकुंटा’, कधी ‘नल्लाकुंटा’, कधी ‘न्यू नल्लकुंटा’. वस्तीनिहाय डेंग्यूचे रुग्ण मोजायला बसलं, की एका बाईची तीन घरं होतात. मग डासांची फवारणी कुठे करायची?

म्हणून नोंदी वेगळ्या करतात. एका प्रकारच्या नोंदींचा एक तक्ता, म्हणजे टेबल. ‘रुग्ण’ टेबलातली प्रत्येक आडवी ओळ, म्हणजे रो, एका माणसाची. नाव, जन्मतारीख, पत्ता हे उभे रकाने, म्हणजे कॉलम. तारखेच्या रकान्यात तारीखच बसते, ‘परवा’ चालत नाही. माहितीच नसेल तर तिथे ‘नल’ असतं. नल म्हणजे शून्य नव्हे: प्लेटलेट मोजल्याच नाहीत, म्हणून त्या शून्य ठरत नाहीत.

एका नावाची अनेक माणसं असतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक देतात. आपल्या बाईंचा 4127. ही प्रायमरी की. ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आता ‘भेटी’ हे दुसरं टेबल. त्यात भेटीचा क्रमांक, तारीख, तक्रार आणि पत्त्याऐवजी फक्त 4127. दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा हा क्रमांक म्हणजे फॉरेन की. रुग्ण एक, भेटी अनेक, असं हे नातं. 4127 क्रमांकाचा रुग्णच नसेल, तर डेटाबेस ती भेट नोंदवूनच घेत नाही.

तपासण्यांचं नातं जरा गुंतागुंतीचं. एका भेटीत अनेक तपासण्या होतात आणि एकच तपासणी अनेक भेटींत होते. तेव्हा ‘भेटी’ आणि ‘तपासण्या’ यांच्यामध्ये तिसरं टेबल लागतं. त्याच्या प्रत्येक ओळीत भेटीचा क्रमांक, तपासणीचा क्रमांक आणि निकाल.

वेगळं केलेलं हवं तेव्हा एकत्र आणणं म्हणजे जॉइन, आणि तशी मागणी करणं म्हणजे क्वेरी. ‘जुलैत डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह आलेले रुग्ण वस्तीनुसार दाखव’ असं एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत विचारलं, की क्रमांकांच्या आधाराने उत्तर जुळून येतं. या रचनेची सैद्धांतिक मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली केली.

पहिलं टेबल आखताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही ओळ नेमकी कशाची नोंद आहे? आणि यातली एखादी गोष्ट बदलली, तर किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल? दुसऱ्याचं उत्तर ‘एकाहून अधिक’ आलं, तर ती गोष्ट काढून तिचं वेगळं टेबल करा.