जुना व्हॉल्व्ह ओळखताना

गिटार ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यात सर्रास सापडणारा व्हॉल्व्ह म्हणजे ईसीसी८३. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. मात्र काचेवर छापलेल्या कंपनीच्या नावावर विसंबू नये. कंपन्या एकमेकींचा माल घेऊन त्यावर आपला शिक्का मारत. शिवाय मुलार्ड, टंग-सोल ही जुनी नावे आज रशियात साराटोव्हला बनणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही असतात.

क्रमांकाचा अर्थ

युरोपीय क्रमांकातले पहिले अक्षर हीटरचे. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिॲम्पिअर. सी म्हणजे ट्रायोड, दोनदा आला तर एका काचेत दोन ट्रायोड. एल म्हणजे आउटपुटचा पेंटोड. ८ या आकड्यावरून नऊ पिनांचा छोटा तळ कळतो, तर ईएल३४ मधल्या ३ वरून आठ पिनांचा ऑक्टल. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आपल्याकडच्या जुन्या रेडिओतून निघालेल्या व्हॉल्व्हचा असा क्रमांकही याच रीतीने वाचता येतो.

काचेवरचा कोड

खरी ओळख इथे पटते. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या भागात करड्या रंगाच्या दोन बारीक ओळी असतात. दिवा तिरका धरला आणि भिंग लावले की त्या दिसतात. वरची ओळ प्रकाराची: ईसीसी८३साठी उदाहरणार्थ ‘आय६३’. खाली ‘बी८डी२’ असेल, तर बी म्हणजे इंग्लंडमधला मुलार्डचा ब्लॅकबर्न कारखाना, ८ हा वर्षाचा शेवटचा आकडा, डी म्हणजे एप्रिल आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. बीऐवजी त्रिकोण असेल, तर माल हॉलंडमधल्या हेर्लेनचा.

पण वर्ष १९५८ की १९६८? त्यासाठी आत पाहावे. मुलार्डच्या पन्नाशीतल्या ईसीसी८३मध्ये प्लेट लांब, साठच्या दशकात ती आखूड झाली.

जर्मन टेलिफुंकेनची खूण वेगळी: तळाशी, पिनांच्या मधोमध, काचेतच उठवलेला चौकट आकार. अमेरिकी मालावर कारखान्याचा तीन अंकी क्रमांक असतो: २७४ आरसीएचा, १८८ जनरल इलेक्ट्रिकचा, ३१२ सिल्व्हेनियाचा. त्यापुढे वर्ष आणि आठवडा.

छपाई मात्र बोटानेही पुसली जाते. वाचून होईपर्यंत काच घासू नये.

फसवी जुळी

ईसीसी८१, ८२ आणि ८३ यांची पिनजोडणी एकच, वर्धन मात्र अनुक्रमे साधारण ६०, १७ ते २० आणि १००. ईसीसी८८ बाहेरून तसाच दिसतो, पण त्याचा हीटर फक्त ४ आणि ५ या पिनांवर असतो. ईसीसी८३च्या सॉकेटमध्ये त्या दोन पिनांवर १२.६ व्होल्ट येत असतील, तर तो जळतो. छपाई पुसलेला व्हॉल्व्ह नुसता बसवून पाहणे म्हणूनच धोक्याचे.

चंदेरी डाग

डोक्याकडचा चकचकीत डाग म्हणजे गेटर. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे. असा व्हॉल्व्ह कितीही नामांकित असला तरी घेऊ नये.