कोल्ह्यासाठी कोणती गोळी? भंडाऱ्यातल्या एका खुराड्याची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात सकाळी साडेसहाला काकाजींचा फोन आला. आमचं गाव साकोली तालुक्यात, सांदवाडीच्या मागे धानाच्या बांध्या सुरू होतात आणि त्यापलीकडे झुडपी जंगल. "तीन कोंबड्या नेल्या कोल्ह्यानं, चार मारून टाकल्या. तू इंजिनिअर आहेस ना, नेटवर पाहून सांग मले, कोल्ह्याले कोनती गोळी लागते? तडफडला नाही पाहिजे, एका झटक्यात गेला पाहिजे."

काकाजींनी यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिथे कायोटी नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी रायफलनं मारतात आणि कोणती गोळी चांगली यावर तासन् तास बोलतात. शेजारच्या पोराकडे छर्र्याची बंदूक होतीच. "ती चालंल का?" हा दुसरा प्रश्न.

प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. मारायचंच तर हाल नकोत, एवढी माणुसकी त्यात होती. म्हणून आधी गोळीचं गणित समजून घेऊ.

गोळी नेमकं काय करते?

गोळीची ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. शाळेतलंच सूत्र. आता तीन उदाहरणं घ्या.

- साधी एअरगन: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला सुमारे २०० मीटर. ऊर्जा साधारण १० ज्यूल.
- पॉइंट टू-टू रायफल: २.६ ग्रॅमची गोळी, सुमारे ३३० मीटर. साधारण १४० ज्यूल.
- व्हिडिओतली पॉइंट टू-टू-थ्री: ३.६ ग्रॅम, सुमारे ९५० मीटर. साधारण १,६०० ज्यूल.

म्हणजे छर्रा आणि त्या व्हिडिओतली गोळी यांच्यात दीडशे पटींपेक्षा जास्त फरक आहे. आठ-दहा किलोच्या कोल्ह्याला छर्रा लागला तर तो मरत नाही. जखमी होऊन पळतो, जखम चिघळते आणि कुठेतरी झुडपात कित्येक दिवस तडफडतो. काकाजींना जे नको होतं, नेमकं तेच. छर्र्याचा प्रश्न इथेच संपला.

पण नुसती ऊर्जा असून भागत नाही. ती प्राण्याच्या शरीरात उतरली पाहिजे. पूर्ण तांब्याच्या आवरणाची, सैन्यात वापरतात तशी टणक गोळी लहान प्राण्यातून आरपार निघून जाते आणि बरीचशी ऊर्जा सोबत घेऊन जाते. म्हणून शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं किंवा पोकळ ठेवतात. आत शिरताच ती फुलासारखी उमलते. लहान प्राण्यांसाठीच्या गोळीचं आवरण तर इतकं पातळ असतं की ती आतच फुटून थांबते.

या कल्पनेचं एक टोक आपल्या देशात आहे. कोलकात्याजवळच्या डमडम इथल्या दारूगोळा कारखान्यात १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी अशी पसरणारी गोळी बनवली, म्हणून तिला 'डमडम गोळी' म्हणतात. १८९९च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली, कारण त्या माणसाचे अतोनात हाल करतात. आणि इंग्लंडच्या १९९१च्या हरीण कायद्यानुसार रायफलनं हरीण मारायचं तर गोळी पसरणारीच लागते, कारण त्यानं प्राणी लवकर मरतो. तीच गोळी एकीकडे क्रूर, दुसरीकडे दयाळू.

यातून मला एक गोष्ट कळली. 'दयाळू गोळी' असं काही पाकिटावर छापून मिळत नाही. ती कोणाच्या हातात आहे, किती अंतरावरून सुटते आणि कुठे लागते, यावर सगळं ठरतं.

आता ती गोळी आपल्या सांदवाडीत आणू

व्हिडिओतला माणूस दुर्बीण लावून, स्टँडवर रायफल टेकवून, मागे मातीचा उंचवटा बघून नेम धरतो. आपल्याकडे रात्रीचे दोन, एका हातात टॉर्च, कोल्हा पळतोय, आणि हृदय-फुप्फुसाची जागा दोन मुठींएवढी. नेम चुकला तर?

पॉइंट टू-टूची गोळी सर्वात लहान समजतात, तरी ती दीड मैलापर्यंत, म्हणजे सव्वादोन किलोमीटरहून जास्त जाऊ शकते. आपल्या दोन टोल्यांमध्ये एवढं अंतर नसतं. त्यात पावसाळ्यात बांध्या पाण्यानं भरलेल्या. पाण्यावर तिरपी लागलेली गोळी पाण्यात बुडतेच असं नाही. लहानपणी बोडीत चपटा दगड टप्पे खात जायचा, तशी ती उसळून भलतीकडे जाते.

आणि कायदा

कोल्हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली तेव्हापासून. शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त गोळी नव्हे. फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं आणि यातला नुसता प्रयत्नसुद्धा त्यात येतो. माणसाच्या जिवावर बेतलं आणि जीव वाचवताना प्राणी मेला तर गोष्ट वेगळी. कोंबड्यांसाठी ती सूट नाही.

कुंपणात चोरून करंट सोडणं हा तर त्याहून वाईट मार्ग. उमरेड-कऱ्हांडल्याच्या 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवासन एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेला लागून मेला. अशा तारांनी माणसंही मरतात.

मग दार कोणी उघडलं?

इथे मला कबुली द्यायची आहे. काकाजींच्या खुराड्याला आपोआप बंद होणारं दार मीच बसवलं होतं. ईएसपी३२ बोर्ड, छोटी मोटर, सकाळी ६ ला उघड, संध्याकाळी पावणेसातला बंद. बोर्ड वेळ इंटरनेटवरून घ्यायचा.

त्या रात्री लाइट गेली आणि पावणेदोनच्या सुमारास परत आली. बोर्ड सुरू झाला, पण नेट आलं नाही. अशा वेळी बोर्डचं घड्याळ शून्यावरून, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. ही शून्य वेळ ग्रीनविचची (यूटीसी) असते, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. बोर्डला वाटलं साडेपाच वाजलेत. अर्ध्या तासानं त्याचे सहा वाजले आणि दार उघडलं. बाहेर सव्वादोनची काळोखी रात्र होती.

काकाजी ज्याच्यासाठी गोळी शोधत होते तो कोल्हा उघड्या दारातून आत गेला होता. चूक माझ्या कोडमध्ये होती. फोनवर हे सांगायला मला दोन दिवस लागले. काकाजी एवढंच म्हणाले, "मंग गोळी कोनाले मारू आता?"

आता काय केलंय

- बटन सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ जोडलं. लाइट गेली तरी वेळ चुकत नाही.
- कोडमध्ये एक ओळ टाकली: साल २०२४च्या आधीचं दिसलं तर दार हलवायचं नाही. शंका असेल तर बंदच राहू दे, सकाळी माणूस उघडेल.
- षटकोनी कोंबडीजाळी काढली. ती कोंबडी आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. त्याजागी अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावली, म्हणजे मुंगूसही शिरत नाही.
- कोल्हा भिंतीलगत उकरतो. म्हणून जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरून वर माती टाकली. उकरायला गेला की पंजा जाळीवर लागतो.
- दाराला दोन वेगवेगळ्या कड्या लावल्या. कोंबडीची आतडी-पिसं घरामागे फेकणं बंद केलं. वासानं बोलावून मग शिव्या देण्यात अर्थ नाही.

एक कोल्हा मारला तरी रिकामी जागा दुसरा घेतो. आणि तोच कोल्हा बांधीतले उंदीरही खातो, त्याचं बिल तो लावत नाही. प्राणी घरात शिरला किंवा जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा खुराड्याच्या बाजूला ताजी उकरलेली माती होती, खाली चकचकीत जाळी उघडी पडलेली. काकाजींनी पायानं माती परत सारली आणि आतल्या कोंबड्या मोजल्या. सगळ्या होत्या.